हर्षाची अर्धी चाबी

आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर तिजोरीच्या खोलीत ठेवलेला आहे. नागपूरहून दुरुस्तीला येणारा प्रत्येक माणूस हे पाहून आधी हसतो आणि मग मान वाकवून आत शिरतो. सर्व्हर म्हणजे सगळ्या सभासदांची खाती ज्यात असतात तो मोठा संगणक. बपेरा, नाकाडोंगरी आणि अड्याळ इथल्या आमच्या शाखा तुमसरच्या या एका यंत्रावर चालतात. ते थांबले की चारही ठिकाणची माणसे काउंटरवर नुसती उभी राहतात आणि आमच्या लोकांच्या तोंडाकडे पाहतात.

यंत्र विकत घेतले तेव्हा ते ठेवायचे कुठे, असा प्रश्न संचालक मंडळात निघाला. अध्यक्ष मधुकरराव भातगिरणीचे मालक. ते म्हणाले, "संस्थेतली सगळ्यात महागाची वस्तू कुठं ठेवतेत? तिजोरीत. मंग यात इचारायचं काय आहे?" तिजोरीच्या खोलीत एक एसी बसवला आणि रोकडीच्या कपाटाशेजारी सर्व्हर उभा राहिला.

त्या खोलीच्या लोखंडी दाराला दोन चाब्या आहेत. एक मुख्य लेखापाल म्हणून माझ्याकडे असते. दुसरी रोखपाल भय्याजींकडे, त्यांच्या करदोड्याला बांधलेली. दोघे समोर असल्याशिवाय दार उघडायचे नाही, आणि एक जण चाबी फिरवत असताना दुसऱ्याने तोंड फिरवून उभे राहायचे, ही रीत संस्थेइतकीच जुनी आहे. बँकेसारखे संस्थेचे काम वगळता, चाबीदाराने चाबी दुसऱ्याची सही घेऊन सोपवल्याशिवाय गाव सोडायचे नाही, हाही नियम. मी बी.कॉम. झाल्यापासून इथेच आहे. या नियमांनी मला कधी त्रास दिला नाही, कारण मला कुठे जायचेच नसायचे. हर्षाला जायचे होते.

हर्षा मोहाडीची, कोष्ट्याच्या घरची. तिचे वडील कोशाची लुगडी विणत. त्यांचा माग खड्ड्याचा होता. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि दिवसभर तिथेच राहतो. हर्षा लहानपणी शेजारी बसून धाग्याच्या कांड्या भरायची. जेवणाच्या वेळी आई हाक मारायची तरी बाबा खड्ड्यातून वर येत नसत, ताट तिथेच मागवत, असे ती सांगायची. तिला त्या घरातून बाहेर पडायचे होते म्हणून ती संगणक शिकली. आमच्याकडे कंत्राटावर एंट्री करायला लागली तेव्हा तिची मुलगी टीना पाच वर्षांची होती. नवरा सचिन जवळच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तो कारखाना बंद पडला आणि त्याला रायपूरला काम मिळाले. तिनेही मागोमाग जायचे असे ठरले होते.

सर्व्हर तेव्हा सारखा अडकायचा. वीज खालीवर झाली की थिजून बसायचा. बंद करून पुन्हा चालू केला की ठीक. पण बटण तिजोरीच्या आत, आणि भय्याजी रोकड घेऊन भंडाऱ्याच्या बँकेत गेलेले असले की ते परत येईपर्यंत चारही शाखा ठप्प. अशाच एका दुपारी हर्षाने माझ्यासमोर कागदावर एक मोठा चौकोन काढला आणि त्याच्या पोटात एक छोटा.

"सर, हा मोठा सर्व्हर. याच्या पोटात हा लहानसा कॉम्प्युटर वेगळाच असते. मोठा झोपला तरी हा जागाच राह्यते, फक्त लाइटची पिन लावून पाह्यजे. याले आपली एक तार लावायची, एक पत्ता द्यायचा. मंग दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरवरून याचं पान उघडून सर्व्हर बंद करता येते, चालू करता येते, गरम झाला का ते पाह्यता येते."

"मग आजवर का नाही केले?"

"बसवणाऱ्यानं तारच लावली नाही."

"आणि कोणत्याही कॉम्प्युटरवरून म्हणजे?"

"कोणत्याही म्हणजे कोणत्याही. रायपूरवरूनसुद्धा."

रायपूर हा शब्द ती हळू बोलली. मला तिची योजना कळली आणि आवडलीही. संस्थेचे काम अडणार नाही, तीही नवऱ्याजवळ राहील, पगार थोडा कमी झाला तरी चालेल. मी टिपण तयार करून मंडळापुढे ठेवले.

मधुकररावांनी ते दोनदा वाचले. "चंद्रकुमारजी, म्हणजे तिजोरीचं दार न उघडता तिजोरीतल्या वस्तूले हात लावायचा?"

"हात नाही, साहेब. फक्त बटण."

"बटण काय पायानं दाबतेत? तिजोरीतली वस्तू आहे. तिले दोन चाब्या पाह्यजेत."

आणि तसे ठरले. त्या छोट्या संगणकाचा पासवर्ड दोन तुकड्यांत राहील. पहिला तुकडा मुख्य लेखापालाकडे, दुसरा संगणक विभागाकडे. दोघांनी शेजारी बसून, संस्थेतल्या एकाच ठरलेल्या संगणकावरून तो टाकायचा. तुकडा फोनवर सांगायचा नाही. बाकी नियम चाबीचेच. गाव सोडायचे तर आधी सोपवायचे. आणि चाबीदार कायम कर्मचारीच असला पाहिजे, म्हणून हर्षाला कायम करण्यात आले.

दुरून चालवायचे यंत्र तिजोरीच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत आले आणि तिथेच थांबले. पण त्या दिवशी हर्षाच्या ते लक्षात आले नाही, किंवा आले असेल तर तिने दाखवले नाही. कोष्ट्याच्या घरची मुलगी कायम झाली होती. तिने पेढे वाटले. आमच्या शिपाई शकुनबाई तिला म्हणाल्या, "आता तं तू चाबीवाली झाली, हर्षाबाई. आता तुले कोण हालवते!"

पुढच्या रविवारी आम्ही ते बसवले. तिजोरीच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी नव्हती. म्हणून वरच्या झरोक्याच्या जाळीतून तार बाहेर काढली. हर्षा शिडीवर, मी शिडी धरून. मग माझ्या टेबलाशेजारच्या संगणकावर त्या छोट्या संगणकाचे पान उघडले. तिने आधी त्याला पत्ता दिला, मग बाहेरच्या जाळ्याचा, म्हणजे इंटरनेटचा, रस्ता रिकामाच ठेवला, कारण बाहेर जायची परवानगीच नव्हती. मी म्हणालो, "आधी घड्याळ लावा." त्यात कुठल्या तरी फार जुन्या सालाची तारीख होती आणि मला ती पाहवत नव्हती. तिने हसत घड्याळ लावले.

शेवटी पासवर्ड. मी ज्येष्ठ, म्हणून आधी माझा तुकडा. तो मी विचार करून ठेवला होता, गावाचे नाव, नोकरीला लागल्याची तारीख, कर्मचारी क्रमांक आणि शेवटी दोन चिन्हे, सगळे सलग. मी टाकत होतो तेव्हा हर्षाने तोंड फिरवले. मग ती टाकू लागली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. बोटांचा आवाज ऐकू आला, थांबला, पुन्हा थोडा आला. "झालं, सर," ती म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा वाटला. मला वाटले, आनंदाचा असेल.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. यंत्र मधूनमधून अडकत राहिले आणि आम्ही दोघे शेजारी बसून ते उठवत राहिलो. मी टाकायचो, ती भिंतीकडे पाहायची. ती टाकायची, मी कॅलेंडरकडे पाहायचो. एकदा तिच्या चुलत बहिणीच्या हळदीतून तिला बोलावले, ती ओल्या हळदीच्या हातांनी आली. कीबोर्डच्या काही अक्षरांवर तो पिवळा रंग नंतर कितीतरी दिवस होता. रविवारी रायपूरला जायचे तर शनिवारी चाबी सोपवायला माणूस हवा, आणि माणूस मिळत नसे. टीना सुरुवातीला तिच्याजवळ होती. पण आईला कधीही बोलावणे येते, पोर शेजाऱ्यांकडे बसते, हे पाहून सासू शेवंताबाई रायपूरला जाताना नातीला घेऊन गेल्या. "तुयी चाबी सांभाळ तू, मी पोरगी सांभाळतो," एवढेच त्या म्हणाल्या. हर्षाने ते मला जसेच्या तसे सांगितले होते. सांगताना ती टेबलावरची पेन्सिलीची टरफले गोळा करीत होती.

गेल्या वर्षी रायपूरच्या एका इस्पितळाने तिला संगणक विभागात घ्यायचे कबूल केले. त्यांना आमच्याकडचे कार्यमुक्तीचे पत्र हवे होते. तिने राजीनामा दिला. मधुकररावांनी तो फाडला नाही की नाकारला नाही.

"जा न बेटा, कोण अडवते तुले? पोरीजवळ राह्यलंच पाह्यजे. फक्त चाबी कोणाले देऊन राहिली ते सांग. त्याची सही आण, मी पत्र देतो."

ती सगळ्यांकडे गेली. भय्याजी म्हणाले, "एका करदोड्याले एकच चाबी, हर्षा. दुसरी बांधली तं पँट खाली येईन." नवा कारकून धम्मदीप संगणकात हुशार आहे, पण तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, माझं लग्न ठरून राहिलं. हळदीतून उठून यायची माझी हिंमत नाही." हर्षाचे हाल सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. कोण सही करणार? इस्पितळाने एकदा मुदत वाढवून दिली. मग शेवटची तारीख कळवली.

ती तारीख दहा-बारा दिवसांवर असताना सकाळीच तिला सचिनचा फोन आला. ती माझ्या टेबलाजवळ आली, पण बसली नाही.

"सर, टीना मोठी झाली. कालपासून रडून राहिली. आजीले काही सांगत नाही, बापाले तं सांगणारच नाही. आई कुठं आहे म्हणते."

मी फक्त मान हलवली. अशा गोष्टीवर आमच्या पिढीचा पुरुष दुसरे काय बोलणार?

"चाबी घ्यायले कोणी नाही. मले माहीत आहे. मी तरी चालली."

"हर्षा, नियम..."

"नियम इथंच आहे, सर, तो कुठं जात नाही. मी उद्या येतो."

ती गेली. शकुनबाई दारातून तिच्या पाठीकडे पाहत म्हणाल्या, "गेली बापा एकदाची!" आणि मग माझ्याकडे वळून, "आता तुमचं यंत्र आजच झोपते पाहा."

शकुनबाईंचे शब्द लगेच खरे झाले. बाजाराचा दिवस होता. दुपारच्या आधीच वीज दोनदा गेली, आली आणि सर्व्हर थिजला. भय्याजी करदोड्याच्या चाबीसकट भंडाऱ्याच्या बँकेत. नाकाडोंगरीहून फोन, बपेऱ्याहून फोन, अड्याळहून तर शाखाधिकारी ओरडतच होता. नेमके मधुकरराव त्या दिवशी आलेले. त्यांना हर्षा गेल्याचे कळले आणि ते लालबुंद झाले.

"न सोपवता गेली? तिले नोटीस काढा. आजच. लावा तिले फोन, सांगू दे तिचा तुकडा."

"तुकडा फोनवर सांगायचा नाही असा नियम आहे, साहेब."

"लावा!"

मी लावला. लागला नाही. तिची गाडी गोंदियाच्या पुढे जंगलात असणार, तिथे फोन लागत नाही. मधुकरराव माझ्या खुर्चीमागे उभे. त्यांना काहीतरी होताना दिसायला हवे होते, म्हणून मी त्या छोट्या संगणकाचे पान उघडले आणि माझा तुकडा टाकला. मग सवयीने हात उचलून घेतला. पुढे तिची पाळी असायची.

"थांबले काहून?"

"पुढचा तुकडा तिच्याकडे आहे."

"दाबा न एन्टर. काय होईन? फार तं नाही म्हणेन."

मी दाबले नाही. असे करायचे नसते. तेव्हा मधुकररावांनीच माझ्या खांद्यावरून हात घातला आणि अंगठी घातलेल्या बोटाने एन्टर दाबला.

पान उघडले.

बटण, तापमान, पंख्याचा वेग, घड्याळ, सगळे समोर आले. मधुकरराव म्हणाले, "पाहा! नुसतं घाबरता तुम्ही." त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. यंत्राला दटावले की ते ऐकते, असा गिरणीवाल्या माणसाचा अनुभव. मी सर्व्हर बंद करून चालू केला. शाखा सुरू झाल्या. मधुकरराव नोटिशीचे पुन्हा बजावून गेले.

मी तसाच बसून राहिलो. मग पानातून बाहेर पडलो, माझा तुकडा टाकला आणि त्यापुढे मनाला येईल ते आठ-दहा वेळा दाबले. उघडले. पुन्हा बाहेर आलो. या वेळी पडद्यावरच्या ठिपक्यांवर नजर ठेवली. एक अक्षर दाबले की एक ठिपका. माझे शेवटचे चिन्ह दाबून झाले आणि त्यापुढे काही दाबले तरी ठिपका वाढेना. ती चौकट वीस अक्षरांच्या पुढे काही घेतच नव्हती, आणि वीस अक्षरे माझ्या एकट्याचीच भरत होती. हर्षाचा तुकडा आत कधी गेलाच नव्हता. हळदीच्या हातांनी तिने जे टाकले ते कुठेच गेले नव्हते.

मी कॅलेंडरकडे पाहत असायचो म्हणून मला हे दिसले नाही. पण ती तर पडद्याकडे पाहत असायची.

ती दुसऱ्या दिवशी आली. डोळे सुजलेले, पण चेहरा हलका. टीनाशी रात्रभर बोलत बसली होती म्हणे. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तिला विचारले.

"तुला माहीत होते?"

काय, असे तिने विचारले नाही. "पहिल्याच दिवशी दिसलं, सर. मी टाकून राहिली आणि ठिपका वाढत नाही. मी थांबली. तुम्ही तिकडं भिंतीकडं पाहून राहिले होते. मले वाटलं सांगावं, तुमचा तुकडा लहान करा म्हणावं."

"मग?"

"मंग वाटलं, मोठ्या साहेबाले त्याचा तुकडा लहान कर म्हणणारी मी कोण, कालची कंत्राटी? आणि असं झालं की एकच चाबी पुरते, तं दुसरीवाली कायले पाह्यजे? चाबीपायी कायम झाली होती मी. पेढे वाटून झाले होते." ती थोडे हसली. "म्हटलं पुढच्या आठवड्यात सांगू. मंग पुढच्या. मंग आता सांगितलं तं म्हणतीन, इतके दिवस फसवलं. रोज तुमच्याजवळ बसून खोटं खोटं टाइप करत गेली. आवाज झाला पाह्यजे न, नाही तं तुम्ही इचारलं असतं."

"राजीनाम्याच्या वेळी तरी सांगायचे."

"काय सांगू? मी जे सोपवत नाही म्हणून तुम्ही मले सोडत नाही, ते माझ्यापाशी नव्हतंच म्हणून? नोटीस देऊन काढलं असतं. काढलेल्या बाईले इस्पितळ कायले घेते?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबाले मी हसत होती, जेवायलेही खड्ड्यातून वर येत नाही म्हणून. त्यायच्या खड्ड्यात माग तरी खरा होता."

मी म्हणालो, मी अध्यक्षांशी बोलतो.

"नको, सर. मी सुटीन, पण पुरी चाबी तुमच्या एकट्याची आहे हे त्यायले समजन. तुम्ही मार्चमध्ये चालले न अड्याळले?"

हे खरे होते. अड्याळला आमचे भाताचे शेत आहे. तिथे दोन खोल्या बांधून झाल्या होत्या. माझी पत्नी उषा दिवाळीलाच सामान घेऊन पुढे गेली होती, मी मार्चअखेर निवृत्त होऊन जाणार होतो. हर्षाला हे माहीत होते, कारण शेजारी बसून यंत्र उठायची वाट पाहताना मीच सांगत असायचो. त्या दिवशी मी टेबल आवरले. घरी जाऊन जेवलो, उषाचा फोन आला, नव्या घराच्या पायरीबद्दल बोललो. इस्पितळाची तारीख जवळ येत होती. माझी तारीख लांब होती. एका दिवसाने काय फरक पडतो, असे म्हणत मी दोन दिवस घालवले. तिनेही असेच दिवस घालवले असणार.

तिसऱ्या दिवशी नोटीस टाइप होऊन सहीसाठी माझ्याकडे आली. ती घेऊन मी मधुकररावांच्या खोलीत गेलो.

"साहेब, ही निघाली तर ती उत्तर देईल. मग मंडळात विचारतील की ती नसताना यंत्र सुरू कसे झाले."

"झालं. तुम्ही केलं."

"माझ्या एका तुकड्यावर झाले. दोन चाब्यांची वस्तू एका चाबीने उघडली. मग विचारतील, एन्टर कोणी दाबला?"

मधुकररावांनी आपल्या बोटातल्या अंगठीकडे पाहिले. मी त्यांना सगळे सांगितले, वीस अक्षरे, ठिपके, माझे लांबलचक पासवर्डाचे शहाणपण. तिने ठिपके पाहिले होते की नाही हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

"म्हणजे पोरीले फुकटच बांधून ठेवलं म्हणा न आपण."

"हो."

"च्या मायले." त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली. "द्या तिले पत्र. आजच द्या." मी उठलो तेव्हा मात्र त्यांचा व्यवहार जागा झाला. "पण चंद्रकुमारजी, चाब्या दोन पाह्यजेत. नियम आहे. आता तो पासवर्ड नीट करून घ्या. आणि दुसरा तुकडा कोणापाशी?"

"तुम्ही घ्या, साहेब."

"मी?" ते खुर्चीत मागे सरकले. "माझे डोळे आहेत का तसे? मोतीबिंदू निघून राहिला. माणूस भेटेपर्यंत दोन्ही तुमच्यापाशीच राहू द्या."

जायच्या आदल्या दिवशी हर्षाने ते छोटे यंत्र नव्याने लावून दिले. या वेळी मी खुर्चीवर होतो आणि ती शेजारी उभी राहून सांगत होती. "पत्ता तोच ठेवा. घड्याळ पाहा, तुमच्यासाठी पहिले घड्याळ." मग पान उघडायची परवानगी असलेल्या नावांची यादी उघडली. तिच्या नावापुढच्या चौकटीत बरोबरची खूण होती. "ही काढा," ती म्हणाली. मी माउस नेला, पण बोट दाबेना. तिनेच माझ्या बोटावर बोट ठेवून दाबले. खूण गेली. नाव फिकट झाले.

"आता तुमचा तुकडा. आखूड घ्या, सर, हात जोडतो."

मी आखूड घेतला. दुसरा तुकडाही मीच ठरवला. तो टाकताना ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मग स्वतःच हसली. "आता मी कायले फिरून राहिली?" पण वळली नाही.

शकुनबाईंनी तिला चहा दिला, ओटी भरली. "जा, पोरीजवळ झोप आता." धम्मदीप स्टेशनपर्यंत तिची बॅग घेऊन गेला. चाबीचे सोडून तो काहीही करायला तयार होता.

मार्च येऊन गेला. माझ्या निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, मधुकररावांनी भाषण करून शाल दिली आणि त्याच कार्यक्रमात मुदतवाढीचे पत्रही दिले, चाबी घ्यायला माणूस मिळेपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धानाची रोवणी उषाने एकटीने मजूर लावून उरकली. "तुमचं दुरूनच चालू द्या," असे ती फोनवर म्हणते. चाबीदाराला सोपवल्याशिवाय गाव सोडता येत नाही, हे तिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मले ठाऊक आहे. शेवंताबाईलेही ठाऊक होतं." हर्षाचे सासरचे हाल मी तिला कधी सांगितले होते, ते मला आठवले नाही.

हर्षाचा महिन्यातून एखादा फोन येतो. इस्पितळात तिला रविवार सुटी असते. टीना सायकल शिकली. परवा तिने विचारले, "सर, तुम्ही अड्याळले केव्हा जाऊन राहिले?" मी म्हणालो, पाहू. मग ती म्हणाली, "तुकडे आखूड ठेवले न?" मी हो म्हणालो.

आज पुन्हा वीज खालीवर झाली आणि यंत्र थिजले. भय्याजी बँकेत. मी पान उघडले, पहिला तुकडा टाकला, हात उचलला आणि कॅलेंडरकडे पाहत बसलो. बोटांचा आवाज आला नाही. दारातून शकुनबाई म्हणाल्या, "साहेब, तिकडं कोण आहे?"

मी वळलो आणि दुसरा तुकडा टाकला.